फुकटची खातेवही

२०२३ च्या गणपतीत, पाचव्या दिवशी, आरती झाल्यावर आमच्या घरात जर्मनीनं प्रवेश केला. घेऊन आले मेव्हणे. ते पुण्याला असतात, चाकणला मोटारींचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात नोकरीला आहेत आणि कारखान्याचा मालक जर्मन असल्यामुळे जर्मनीवर बोलायचा मक्ता आमच्या गोतावळ्यात त्यांच्याकडे आहे. खिरापतीचा बकाणा भरून ते म्हणाले, “दाजी, अमेरिकेचा नाद सोडा. जर्मनीत शिक्षण फुकट आहे.”

मी हातातलं तबक खाली ठेवलं. सांगलीच्या एका सहकारी बँकेत मी एकतीस वर्षं काढली आहेत. एवढ्या काळात ‘फुकट’ म्हणून जे जे काउंटरवर आलं, फुकट विमा, फुकट कार्ड, फुकट चेकबुक, ते ते शेवटी कुणाच्या तरी खात्याला नावे पडलेलं मी या डोळ्यांनी पाहिलंय. पण बायको म्हणजे चाळीस रुपयांच्या भाजीवर कोथिंबीर, मिरच्या आणि कढीपत्ता फुकट घेतल्याशिवाय पिशवी न उचलणारी बाई. तिचा चेहरा उजळला. लेक तेव्हा मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. तिनं मोबाइल उलटा करून ठेवला. त्यावरून प्रकरण गंभीर आहे हे मी ओळखलं.

अमेरिकेचा आमचा आकडा पन्नास लाखांच्या पुढे जात होता आणि त्यासाठी विश्रामबागेतलं घर तारण ठेवायचं घाटत होतं. लोकांच्या तारणाचे कागद तपासण्यात माझा जन्म गेला. ‘घर कुणाच्या नावावर आहे?’ हा प्रश्न मी किती जणांना किती कोरड्या आवाजात विचारला असेल! आता तोच प्रश्न टेबलाच्या पलीकडच्या खुर्चीत बसून ऐकायचा, या कल्पनेनं मला दोन महिने झोप नव्हती.

तसा फी हा विषय सांगलीकराला नवा नाही. आमच्याच जिल्ह्याच्या वसंतदादा पाटलांनी १९८३ साली मुख्यमंत्री असताना खासगी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली. त्याआधी ज्याच्या बापाकडे ऊस जास्त आणि गुणपत्रिकेत गुण कमी, तो डोनेशन भरून कर्नाटकात जात असे. दादांमुळे कॉलेजं इथंच उभी राहिली. पोरं राज्यात राहिली, पैसाही राज्यात राहिला, आमच्याकडे फक्त पावती राहिली. तेव्हापासून इथला बाप आधी फी विचारतो, मग शाखा, आणि कॉलेजात शिकवतात का हे वेळ उरला तर. आमच्या गल्लीतल्या एका पोराचं तर सरकारी मेडिकलचं थोडक्यात हुकलं. खासगी सीटचा आकडा ऐकल्यावर त्याच्या वडिलांनी आधी खुर्चीचा हात धरला आणि मग नकाशा उघडला. पोरगं किरगिझस्तानात बिश्केकला एमबीबीएस करतंय. परत आल्यावर परदेशी पदवीवाल्यांसाठीची वेगळी परीक्षा पास झाल्याशिवाय इथं डॉक्टरकी करता येत नाही, तो पुढचा घाट. त्याची आजी विचारणाऱ्याला सांगते, “नातू बिस्किटाला गेलाय.”

मी मेव्हण्यांच्या शब्दावर गेलो नाही. आठ दिवस रात्री बसून वाचलं. गोष्ट खरी निघाली, आणि खरी निघाल्याचा मला थोडा रागच आला. जर्मनीतसुद्धा मधे फी आली होती. २००५ साली तिथल्या घटना न्यायालयानं केंद्राची फीबंदी उठवली आणि काही राज्यांनी सत्राला ५०० युरोपर्यंत फी लावली. तेवढ्यावर पोरं रस्त्यावर उतरली, मतदारांनी निवडणुकांत राग काढला आणि एकेक राज्य फी मागे घेत गेलं. शेवटचं लोअर सॅक्सनी, २०१४ मध्ये. आपल्याकडेही फीवाढीविरुद्ध मोर्चा निघतो. मोर्चा निवेदन देतो, निवेदन देतानाचा फोटो काढतो आणि येताना फी भरून येतो.

अपवाद आहेत. बाडेन-व्युर्टेंबर्ग हे राज्य २०१७ पासून आपल्यासारख्या युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून सत्राला १,५०० युरो घेतं. म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानंही २०२४ पासून अशी फी सुरू केली. ही नावं बायकोनं यादीतून अशी खोडली की खालचा कागद फाटला. बाकी ठिकाणी फी नाही. सत्राची वर्गणी तेवढी आहे, विद्यापीठागणिक शंभर ते चारशे युरो. वर्गणी म्हटल्यावर आमचा विरोध मावळतो. गणपतीला आपण देतोच.

मी दोनशे पानी वही आणली. वर ‘श्री’ घातला, खाली लिहिलं ‘जर्मनी (फुकट)’. डावीकडे जमा, उजवीकडे नावे. आजतागायत या वहीची उजवी बाजू पान उलटून पुढे जाते आहे आणि डाव्या बाजूला लेक लहान असताना काढायची तशी फुलं काढता येतील एवढी जागा आहे.

पहिली नोंद आयईएलटीएस, सतरा हजारांवर. आपल्याला इंग्रजी येतं हे जर्मनांना पटवण्यासाठी इंग्रजांना दिलेले पैसे. दुसरी नोंद एपीएसची. नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना हा दाखला सक्तीचा झाला. तुमचे कागद खरे आहेत असं सांगणारा हा आणखी एक कागद, किंमत १८,००० रुपये. बायको म्हणाली, “खऱ्या कागदांना एवढे, तर खोट्यांना किती पडत असतील?” तिसरी नोंद अर्ज तपासणाऱ्या संस्थेची. पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो, पुढच्या प्रत्येकाला ३०. ‘पुढचे स्वस्त’ एवढंच बायकोच्या कानांत शिरलं आणि तिनं लेकीला नऊ ठिकाणी अर्ज करायला लावले. डझनाचा भाव विचारून बघ, असंही सुचवलं.

मग मार्कांचं रूपांतर. जर्मनीत १ म्हणजे उत्तम आणि ४ म्हणजे कसाबसा पास. आपले गुण तिकडच्या मापात बसवायला ‘बव्हेरियन सूत्र’ नावाचं एक गणित आहे. लेकीचा सीजीपीए ८.२, पैकी १०, पास व्हायला ४. सूत्रात घातलं, उत्तर १.९. मला राहवेना. मी माझे बी.कॉम.चे ५२ टक्के घातले, पासची रेघ ४० वर धरून. उत्तर आलं ३.४. आयुष्यात पहिल्यांदा घरात सगळ्यात जास्त मार्क मला पडले. मी तो कागद देवघरापाशी ठेवला होता. दुसऱ्या दिवशी त्यावर बायकोनं खणाची घडी ठेवली.

ब्लॉक्ड अकाउंटकडे मात्र मला बँकवाला म्हणून जरा थांबून पाहावं लागेल. जर्मन सरकार फी घेत नाही, पण तुमची पोरगी तिथं वर्षभर खाऊन-पिऊन राहील याची खात्री मागतं. म्हणून तिच्या नावानं एक खातं काढायचं आणि त्यात ११,९०४ युरो आगाऊ भरायचे. तिकडे गेल्यावर तिला त्यातून महिना ९९२ युरोच काढता येतात. मी तीनदा भागाकार केला, बाराने पूर्ण भाग जातो. खातं आपलं, पैसे आपले, आणि मागायचे मात्र महिन्यातून एकदा. माझ्या आजीकडे असा एक डबा होता. यात्रेला गेल्यावर आमच्याकडचे पैसे ती त्यात ठेवून घ्यायची आणि पाळण्यापाशी चार आणे, रेवड्यांपाशी दोन आणे असे हातावर टेकवायची. फरक इतकाच, की आजी डबा उघडायची फी घेत नव्हती.

“आणि व्याज?” मी विचारलं.

“नसतं, बाबा.”

“काहीच?”

“बाबा, ती ठेव नाही. तो पुरावा आहे.”

बिनव्याजी पुरावा! युरो तेव्हा नव्वद रुपयांच्या आसपास होता, म्हणजे पावणेअकरा लाखांच्या घरात. निम्मे भविष्यनिर्वाह निधीतून, उरलेले बायकोच्या मुदतठेवी मुदतीआधी मोडून. मोडलेल्या ठेवीवर दंडाचं व्याज कापताना मी माझ्याच सहीनं कापलं आणि बायकोनं काउंटरपलीकडून माझ्याकडे जे पाहिलं ते एकतीस वर्षांत एकाही ग्राहकानं पाहिलं नव्हतं. पैसे परदेशी पाठवताना तेव्हा सात लाखांवरच्या रकमेवर पाच टक्के टीसीएस होता, म्हणजे साडेअठरा हजार आणखी. विवरणपत्र भरल्यावर ते हिशेबात परत मिळतात. म्हणून मी ते ‘येणे’ या सदरात लिहिले. वहीतली डाव्या बाजूची ती पहिली नोंद. त्या दिवशी मी चहाबरोबर भजी मागवली.

अभ्यासक्रम इंग्रजीतून होता, पण दूध, दळणवळण आणि भांडण ही जर्मनमधूनच करावी लागतात, असं मेव्हण्यांचं मत पडलं. मग जर्मनची शिकवणी लागली. पुण्यामुंबईत या भाषेचं देऊळ म्हणजे मॅक्समुल्लर भवन. आणि गंमत बघा, ज्यांच्या नावानं हे भवन उभं आहे ते मॅक्स म्युलर भारतात कधी आलेच नाहीत. ऑक्सफर्डला बसून त्यांनी ऋग्वेद छापला. इकडे आठवीतली पोरं ‘संस्कृत नको, जर्मन घे’ असा सल्ला ऐकत मोठी होतात. म्हणजे संस्कृत धरणारा जर्मन इंग्लंडात स्थायिक होतो आणि संस्कृत सोडणारा मराठी जर्मनीत. आमची लेक मात्र सांगलीच्या शाळेत संस्कृतच शिकली होती, आणि तेच कामाला आलं. जर्मन शब्द हे शब्द नसून समास असतात. तिथं गेल्यावर दोन आठवड्यांत पत्ता नोंदवावा लागतो आणि त्यासाठी घरमालकाचा एक कागद लागतो. त्याचं नाव ‘वोनुंग्सगेबरबेश्टेटिगुंग’. मी हा शब्द दोनदा वाचला आणि दोन्ही वेळा निरनिराळ्या ठिकाणी श्वास घेतला. लेक शांतपणे म्हणाली, “गृहदातृपुष्टिपत्र. तत्पुरुष आहे, बाबा.”

मराठी माणसाला ही भाषा इतरांइतकी छळत नाही. जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हणून हिंदीवाले गळपटतात. आपल्याला ती आईच्या दुधातून मिळालेली असतात. मुलगी हा शब्द जर्मनमध्ये नपुंसकलिंगी आहे, याचं लेकीच्या वर्गातल्या सगळ्यांना आश्चर्य वाटलं. बायकोला वाटलं नाही. “म्हणजे ‘ते कार्टं’,” ती म्हणाली. आकड्यांचंही तेच. जर्मन माणूस एकवीसला ‘एक-नि-वीस’ म्हणतो, एकक आधी आणि दशक नंतर, थेट आपल्यासारखं. २०१९ साली आपल्या बालभारतीनं दुसरीच्या गणितात ‘वीस एक, वीस दोन’ आणलं तेव्हा केवढं रण माजलं होतं! तिकडेही बोखुमच्या एका संस्थेची नेमकी हीच मागणी आहे, ‘एक-नि-वीस’ऐवजी ‘वीस-एक’ म्हणा. जर्मन लोक अजून बधलेले नाहीत. हे वाचलं आणि त्या लोकांबद्दल मला पहिल्यांदा घरचेपणा वाटला.

नवांपैकी पाच नकार, तीन ठिकाणचं उत्तर ती तिकडे पोचल्यावर आलं, आणि एक होकार. माग्डेबुर्ग.

माग्डेबुर्ग कुठं आहे हे मेव्हण्यांनाही नकाशात शोधावं लागलं, यानंच बायको निम्मी खूश झाली. बर्लिनच्या नैर्ऋत्येला एल्बे नदीवरचं हे गाव. तिथल्या विद्यापीठाला ओट्टो फॉन गेरिकेचं नाव आहे. हा माणूस सतराव्या शतकात त्या गावाचा महापौर होता आणि फावल्या वेळात शास्त्रज्ञ. त्यानं तांब्याचे दोन पोकळ अर्धगोल एकमेकांना चिकटवले, पंपानं आतली हवा काढून घेतली आणि दोन्ही बाजूंना आठ-आठ घोडे जुंपले. घोड्यांना ते गोल सहजी सुटेनात. महापौरांनी फावल्या वेळात काय करावं याचे इतर नमुने आपण पाहिलेले असल्यामुळे मला या गृहस्थाबद्दल आदर आहे. शिवाय प्रयोगही चटकन समजला. आत काही शिल्लक नसलं की बाहेरून चहूबाजूंनी केवढा दाब येतो, हे त्या महिन्यात माझं पासबुक मला रोज सांगत होतं.

निघायचं ठरलं मार्च २०२५ मध्ये, एप्रिलच्या सत्रासाठी. तेवीस-तेवीस किलोच्या दोन बॅगा. घरचा वजनकाटा दर वेळी वेगळं बोलायला लागला म्हणून आम्ही बॅगा रिक्षात घालून मार्केट यार्डात हळदीच्या अडत्याच्या पेढीवर नेल्या. तिथल्या हमालानं पहिली बॅग काट्यावर टाकली आणि सवयीनं ओरडला, “पंचवीस तीनशे! ओल किती धरायची?” बॅगेत कांदा-लसूण मसाला, शेंगदाण्याची चटणी, भाजणी, मेतकूट आणि तीन लिटरचा कुकर. कुकरच्या आत डाळ, डाळीच्या आत शिट्टी आणि शिट्टीवर हळदीकुंकू. युरोपात दूध-दुभतं आणि मांसाचे पदार्थ सोबत नेता येत नाहीत, त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीनं पलूसहून आणलेलं साजूक तूप पेढीवरच राहिलं. अडत्यानं ते ‘हमाली’ या सदरात स्वीकारलं.

खर्चाचं ओझं एवढं मनाला लागलं, की मी समाधानासाठी पूर्वज शोधू लागलो. इरावतीबाई कर्वे १९२८ साली बर्लिनला पीएच.डी.साठी गेल्या. सासरे साक्षात महर्षी कर्वे, तरी त्यांचा विरोध होता आणि पैसे जीवराज मेहतांकडून कर्जाऊ घ्यावे लागले. म्हणजे घरच्यांची कुरकुर आणि उधारीचे पैसे घेऊन जर्मनीत शिकायला जायची महाराष्ट्रातली चाल शंभर वर्षांची होत आली. हे मी बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, “त्यांना तूप नेऊ दिलं असेल.”

लेक पोचली. नऊ चौरस मीटरची खोली, स्वयंपाकघर तिघींत सामायिक. पहिले दोन आठवडे ती जे बघेल त्याला शंभरानं गुणायची. फ्लॉवरचा गड्डा तीनशे रुपये. केस कापणं तीन हजार. “मग बांध वेणी,” आईचा तोडगा. महिन्याच्या ९९२ युरोंतून भाडं गेलं, आरोग्य विम्याचे एकशे चाळीसच्या आसपास गेले, बाकीच्यांत विद्यापीठाच्या स्वस्त खाणावळीतलं जेवण आणि उरल्यास धाडस. मी दर रविवारी हिशेब मागायचो. एकतीस वर्षांची सवय, संध्याकाळी तेरीज जुळल्याशिवाय मला जेवण जात नाही.

पहिला खटका कुकरचा उडाला. जर्मनीत रविवार म्हणजे दुकानं बंद, भिंतीत खिळा ठोकायचा नाही, आवाज करायचा नाही. आमच्या लेकीनं पहिल्याच रविवारी वरण-भाताचा कुकर लावला. तिसऱ्या शिट्टीला दारावर टकटक. खालच्या मजल्यावरच्या आजी, हातात मोबाइल, चेहरा आग लागल्यासारखा. लेकीनं कुकर दाखवला. आजींनी तो चारही बाजूंनी बघितला, मान हलवली आणि निघून गेल्या. सोमवारी जिन्यात टंकलिखित पाटी लागली: ‘वाफेची यंत्रे सोमवार ते शनिवार, दुपारी एक ते तीन वगळून.’ मेव्हण्यांना फोटो पाठवला. पुण्यात, सदाशिव पेठेत, तीस वर्षं भाड्यानं राहिलेला माणूस तो. त्यांनी लिहिलं, “अक्षर जरा मोठं हवं होतं. बाकी उत्तम.”

मग आलं रेडिओचं पत्र. तिकडे दर घरामागे महिना १८.३६ युरो आकाशवाणी-दूरदर्शनची पट्टी भरावी लागते. घरात टीव्ही असो वा नसो. “पण आमच्याकडे टीव्हीच नाही,” लेक चिडली होती. मला मात्र भरून आलं. माझ्या लहानपणी वडील रेडिओचं लायसन्स घेऊन पोस्टात जायचे आणि लाल पुस्तकावर शिक्का मारून आणायचे. रेडिओ बिघडला होता त्या वर्षीही त्यांनी पैसे भरले होते. मी म्हटलं, “भर. आजोबांचं नाव राख.” तिघींत वाटून महिना ६ युरो १२ सेंट पडतात. तिला पुन्हा भागाकार करून बघायला सांगितला.

पण आमच्या दोघांत खरी जवळीक आणली ती बाटल्यांनी. जर्मनीत पाण्याची किंवा सरबताची प्लॅस्टिकची बाटली घेतली, की २५ सेंट अनामत आधी कापून घेतात. रिकामी बाटली दुकानातल्या यंत्रात घातली, की चिठ्ठी मिळते आणि चिठ्ठीवर पैसे परत. म्हणजे भंगारवाला, पण वजनात न मारणारा. लेक मला दर शनिवारी चिठ्ठीचा फोटो पाठवायची आणि मी वहीच्या डाव्या, कोरड्या ठणठणीत बाजूला ती रक्कम जमा करायचो. त्या बाजूला दुसरं यायचंच काय? मे महिन्यातल्या एका चिठ्ठीवर ११ नग दर ०.२५ आणि ६ नग दर ०.०८ असं होतं. एकूण ३.२३. बेरीज बरोबर होती. पण माझी नजर त्या आठ सेंटांवर अडकली.

“हे आठवाले सहा नग कसले गं?”

पलीकडे शांतता. मग, “काचेच्या, बाबा.”

“कसल्या काचेच्या?”

“रूममेटच्या.”

मी मेव्हण्यांना विचारलं. त्यांनी जर्मनीबद्दलचं आजवरचं सगळ्यात अचूक ज्ञान त्या दिवशी दिलं: बिअरच्या बाटलीची अनामत आठ सेंट असते. मी बायकोला काही बोललो नाही. वहीत ४८ सेंट वेगळे काढून ‘अनामत खाते, खुलासा प्रतीक्षेत’ असे ठेवले. पुढच्या शनिवारपासून सगळे नग पंचवीसचेच येऊ लागले. लेक सुधारली, की आठवाल्या चिठ्ठ्या वेगळ्या काढायला शिकली, हे ऑडिटमध्ये कळत नसतं.

जूनपासून ती एका बेकरीत आठवड्याला दहा तास काम करू लागली. तिकडे परदेशी विद्यार्थ्याला वर्षात १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. “म्हणजे दहा-बारा लाख घालून पाव भाजायला पाठवली,” असं बायको म्हणाली खरी, पण गल्लीत सांगताना ‘कंपनीत लागली’ असं सांगितलं. २०२५ सालचं तिथलं किमान वेतन तासाला १२.८२ युरो. मी त्याचे रुपये केले आणि मग, करायला नको होतं, माझ्या पगाराचेही तास पाडले. पाव कापणाऱ्या माझ्या लेकीचा एक तास माझ्या चार तासांच्या पुढे गेला. त्या दिवशी बँकेत मी एका खातेदाराची सही तीनदा करून घेतली, काही कारण नसताना.

भारतीय पोरं जर्मनीत आता सगळ्या परदेशी विद्यार्थ्यांत संख्येनं पहिली आहेत, चिन्यांनाही मागे टाकून. २०२३-२४ च्या हिवाळी सत्रातच ती ४९ हजारांच्या वर होती. इतक्या बापांनी इतक्या वह्या घातल्या असतील. एका वहीची डावी बाजू तरी भरली असेल का, हे मला एकदा कुणाला तरी विचारायचं आहे.

या फेब्रुवारीत ती तीन आठवड्यांसाठी आली. अंगानं उतरलेली, वेळेच्या पाच मिनिटं आधी तयार, आणि ओला-सुका कचऱ्यावरून आमच्या कामवाल्या मावशींशी पहिल्याच दिवशी भांडलेली. बॅगेतून आईला चॉकलेटं, मामाला किल्ल्यांची साखळी, मला एक पेन आणि तळातून एक रिकामी प्लॅस्टिकची बाटली निघाली. विमानतळावर पाणी पिऊन झालं, यंत्र जवळ दिसलं नाही, म्हणून तशीच आली होती.

मावशींनी ती भंगाराच्या पोत्यात टाकली. मी ती काढली, विसळली, उलटी घालून वाळवली आणि शोकेसमध्ये लेकीच्या शाळेतल्या वक्तृत्वाच्या कपाशेजारी ठेवली.

“अहो, बाटली आहे ती!” बायको म्हणाली.

“पंचवीस सेंट आहेत ते. युरो शंभरी ओलांडून गेलाय. सव्वीस-सत्तावीस रुपये होतात.”

पुढच्या वर्षाच्या राहण्या-खाण्याचे पैसे पुन्हा दाखवायचे होते, या वेळी शंभरीपारच्या भावानं, त्यामुळे ती गप्प बसली. लेक मात्र हसत म्हणाली, “बाबा, आणि हो, प्रबंधासाठी एक सत्र वाढवावं लागेल बहुतेक. पण काळजी नको. फी नाहीच आहे.”

मी वही उघडून ९९२ गुणिले ६ केलं. ५,९५२ आलं. पुन्हा केलं. पुन्हा तेवढंच आलं.

निघायच्या आदल्या दिवशी बॅगा परत मार्केट यार्डात. त्याच हमालानं बॅग टाकली. “तेवीस आणि वर थोडं!” लेकीनं बॅग उघडली. वरच ती बाटली होती. बायकोनं बाटलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि काही न बोलता कोपऱ्यातून मेतकुटाची पुडी काढून अडत्याच्या हातावर ठेवली.

घरी येऊन मी वहीच्या डाव्या बाजूला तारीख घातली आणि लिहिलं: बाटली नग १, माग्डेबुर्गकडे रवाना, येणे ०.२५.